नव्या एसयूव्हीचा ब्रेक मऊ लागतोय? आधी घरी काय तपासायचं आणि मग वर्कशॉपमध्ये काय बोलायचं

गाडी नवी, सीटचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, आणि सिग्नलला ब्रेक दाबला की पाय नको तितका खाली जातो. शोरूमला फोन केला तर उत्तर ठरलेलं, सर नवीन गाडी आहे, हजारभर किलोमीटर चालू द्या, सेट होईल. यात अर्धं खरं आहे आणि अर्धी टोलवाटोलवी. नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांवर घासून नीट बसायला थोडे किलोमीटर लागतात हे खरं, पण पाइपात हवा असेल, कुठे गळत असेल किंवा मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणाऱ्या नळीचं, सील दाब धरत नसेल तर गाडी कितीही चालवा, ते सेट होत नाही, झालं तर वाढतंच. म्हणून आपल्याकडे यातलं नेमकं काय आहे ते आधी घरीच बघायचं, त्याला पाने-बिने काही लागत नाहीत, अर्धा तास आणि एक टॉर्च पुरे, आणि मग वर्कशॉपला जायचं. नुसतं "ब्रेक मऊ वाटतो" म्हणून गाडी सोडली तर बहुतेक वेळा ती धुऊन परत मिळते, बाकी काही होत नाही.

त्याआधी एक. पेडल दाबल्यावर थेट फ्लोअरला टेकत असेल, किंवा हँडब्रेक पूर्ण सोडूनही मीटरवर गोलातल्या उद्गारचिन्हाचा लाल दिवा तसाच राहत असेल, तर खालचं काहीही करत बसू नका आणि गाडी जागची हलवू नका. कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करा आणि फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर, न्यायला सांगा, नव्या गाडीला ही सेवा बहुतेक वेळा सोबत मिळालेलीच असते. शोरूम दोनच किलोमीटरवर आहे, हळूहळू नेतो, हा विचार नको.

आता मऊ म्हणजे नक्की काय ते. लोक चार वेगवेगळ्या गोष्टींना मऊ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. एकाचं पेडल दाबावं तितकं दबत जातं, ठाम असं कुठे लागतच नाही. दुसऱ्याचं पहिल्यांदा खोल जातं पण लगेच परत दाबलं की वर लागतं. तिसऱ्याचं सिग्नलला पाय ठेवून उभं राहिलं की हळूहळू खाली बसत जातं. आणि चौथ्याचं पेडल खरं तर ठीक असतं, फक्त गाडी जुन्या गाडीसारखी पटकन पकडत नाही. या चारांची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे, त्यामुळे आपण यातले कितवे हे ठरवणं हेच निम्मं काम आहे.

नवी एसयूव्ही घेणाऱ्यांत हा चौथा गट सगळ्यात मोठा असावा. ८००-९०० किलोच्या हॅचबॅकवर दहा वर्षं पाय बसलेला असतो, त्या गाडीत पेडलला नुसता बूट लागला तरी नाक खाली जायचं. आता गाडी दीड टनाच्या पुढे, सस्पेन्शन उंच, आणि कंपनीने पेडल मुद्दाम लांब प्रवासाचं ठेवलेलं असतं म्हणजे ट्रॅफिकमध्ये मागे बसलेल्यांना धक्के बसू नयेत. पहिला इंचभर काहीच होत नाही असं वाटतं आणि मग ब्रेक लागायला लागतो. हा दोष नाही, सवयीचा भाग आहे, पण हे "सवयीचं" आहे हे सिद्ध झाल्यावर मान्य करायचं, सर्विस ॲडव्हायझरने सांगितलं म्हणून नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात. पेडल दाबलं की बूस्टर तुमचा जोर वाढवतो, तो मास्टर सिलिंडरमधल्या पिस्टनला ढकलतो आणि ब्रेक ऑइल दोन वेगळ्या सर्किटमधून, एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमधून, चारही चाकांपर्यंत दाब पोचवतं. दोन सर्किट यासाठी की एक फुटलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबावी, फक्त तेव्हा पेडल बरंच खोल जातं. ऑइल दबत नाही, हवा दबते, सगळा खेळ एवढाच. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की कसा मध्येच दबून परत उसळतो, पाइपात हवा असलेलं पेडल पायाला तसंच लागतं.

तपासायला सुरुवात मॅटपासून करा, हसू नका. डिलिव्हरीच्या वेळी गळ्यात मारलेल्या त्या जाड ७डी मॅट आणि त्याच्यावर परत एक रबरी मॅट, अशा थरांमुळे पेडल पूर्ण खाली जायच्या आधी अडतं किंवा टाच उंच राहून पायाचा कोन बदलतो आणि पेडल विचित्र लागतं. ड्रायव्हरच्या बाजूचं सगळं काढून फक्त मूळ कार्पेटवर एक चक्कर मारून बघा. मॅट पुढे सरकून पेडलखाली जाणं हा तसाही जीवघेणा प्रकार आहे, हुक नसलेली मॅट त्या बाजूला ठेवूच नये.

मग बॉनेट उघडा. आपल्याकडच्या गाड्यांत ब्रेक ऑइलची डबी बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या खालच्या पत्र्याजवळ असते, अर्धपारदर्शक, बाजूला मॅक्स आणि मिन अशा खुणा. गाडी सपाटीवर असू द्या, टॉर्च डबीच्या मागून धरा म्हणजे पातळी स्वच्छ दिसते. नव्या गाडीत ती मॅक्सच्या जवळपासच हवी. पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू उतरते पण त्याला हजारो किलोमीटर लागतात, महिन्याभरात बोटभर खाली आली असेल तर ऑइल कुठेतरी जातंय. झाकण उघडायची गरज नाही, उघडू नकाच, हे ऑइल हवेतली ओल शोषतं. आणि कुणी "थोडं टाकून देतो" म्हणालं तर नको म्हणा, कारण मग गळती होती हे दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही. टाकण्याआधी पातळीचा फोटो काढून ठेवा.

गळती शोधायच्या जागा तीन. चारही टायरच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा, तिथे ओलसर, हाताला बुळबुळीत लागणारी, फिकट पिवळी रेघ दिसते का बघा. पॅसेंजरच्या बाजूला खाली थेंब थेंब पडणारं स्वच्छ पाणी एसीचं असतं, त्याने घाबरून जाऊ नका. दुसरी जागा मास्टर सिलिंडर जिथे मोठ्या गोल काळ्या बूस्टरला जोडलेला असतो तो सांधा. इथलं मागचं सील गेलं तर ऑइल बाहेर सांडायच्या ऐवजी बूस्टरच्या पोटात जातं, म्हणजे पातळी उतरतेय पण जमिनीवर डाग नाही असं कोडं पडतं. तिसरी जागा फक्त मॅन्युअल गाडीवाल्यांसाठी, बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक क्लच त्याच डबीतून ऑइल घेतो, म्हणून क्लच पेडलच्या वरच्या बाजूला हात लावून ओल बघा. हाताला ऑइल लागलं तर लगेच पाण्याने धुवा आणि गाडीच्या रंगावर थेंबही पडू देऊ नका, रंग निघतो.

आता पायाने करायच्या चाचण्या. गाडी सपाटीवर, गिअर न्यूट्रल किंवा पी मध्ये, टायरला दगड किंवा वीट लावलेली.

पहिली बूस्टरची. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबा, दर वेळी ते वर वर आणि कडक होत जाईल, आतला व्हॅक्युम संपतो म्हणून. आता कडक झालेलं पेडल पायाने धरून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडंसं खाली गेलं तर बूस्टर व्यवस्थित आहे. हे खाली जाणं बघूनच बरेच जण दचकतात आणि ब्रेक खराब म्हणून व्हिडिओ टाकतात, पण ते जायलाच हवं, नाही गेलं तर प्रॉब्लेम. तसंच उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून पूर्ण ताकदीने दाबलं तर कुठल्याही गाडीचं पेडल बरंच खाली जातं, बूस्टर तुमचा जोर कित्येक पट करतो आणि रबरी होज थोडे फुगतात. चालत्या गाडीत इतक्या जोराने आपण क्वचितच दाबतो. ही चाचणी व्हॅक्युम बूस्टरच्या गाड्यांसाठी आहे हे मात्र लक्षात ठेवा. इनोव्हा हायक्रॉससारख्या स्ट्राँग हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक एसयूव्ही असेल तर तिथे इलेक्ट्रॉनिक ब्रेक असतो, पेडलचा फील बराचसा कंपनीने बनवलेला असतो, शिवाय मोटर आधी गाडी हळू करते आणि मग पॅड लागतात, त्यामुळे त्यांचं पेडल साध्या गाडीशी ताडून बघण्यात अर्थ नाही, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशीच ताडायचं.

दुसरी चाचणी धरून ठेवायची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. इंजिन चालू, सिग्नलला दाबतो तितक्याच जोराने पेडल दाबा आणि मिनिटभर पाय अजिबात न हलवता धरा. सुरुवातीला किंचित बसलं तर ठीक, पण सबंध मिनिट ते खाली खालीच सरकत राहिलं तर एकतर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आतलं सील ऑइल मागे सोडतंय. इंजिन बंद करून, व्हॅक्युम संपवून परत करा, तरीही सरकलं तर बूस्टरचा संशय मिटला, दोष हायड्रॉलिकमध्येच. अशी गाडी घेऊन घाट तर सोडाच, ऑफिसलाही जाऊ नये. हा तिसरा गट, "सेट होईल" हे उत्तर इथे ऐकूनच घ्यायचं नाही.

तिसरी, पंप करायची. एकदा शांतपणे दाबा, किती खाली ठाम लागतं ते बघा, मग पटापट दोन-तीनदा दाबा. वर आलं का? वर आलं आणि तरीही उसळतंय, दबतंय, तर हवा. वर आलं आणि तिथे एकदम घट्ट लागलं तर हवा नसून चाकाकडे गॅप जास्त आहे, म्हणजे पॅड किंवा लायनर (ड्रम ब्रेकमध्ये पॅडचं काम करणाऱ्या पट्ट्या) लांब राहतायत आणि त्यांना डिस्क किंवा ड्रमला टेकायलाच पहिला दाब खर्ची पडतोय.

हा गॅप कुठे आहे ते शोधायची युक्ती जुन्या मेकॅनिकना बरोबर माहीत असते. आपल्याकडच्या बऱ्याच कॉम्पॅक्ट एसयूव्हींना मागे अजून ड्रमच आहे. लिव्हरवाला हँडब्रेक असेल तर तो वर ओढा आणि मग पाय ब्रेक दाबा. पेडल आता स्पष्टपणे वर लागलं तर मागच्या ड्रममधले लायनर सैल सेट झालेत, कारण हँडब्रेकने ते ड्रमजवळ आणल्यावर पेडलचा रिकामा प्रवास वाचला. पेडलमध्ये काहीच फरक पडला नाही तर मागचा ड्रम सोडा, दुसरीकडे बघा. ड्रमना ऑटो ॲडजस्टर असतो खरा, काही गाड्यांत तो रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावर चालतो, काहींत हँडब्रेक ओढल्यावर किंवा नेहमीच्या ब्रेकिंगमध्येच, पण नव्या गाडीत तो सुरुवातीलाच बरोबर सेट केलेला नसेल तर वर्कशॉपमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. मऊ ब्रेकच्या तक्रारींपैकी ही सगळ्यात स्वस्तात सुटणारी.

एक वेगळाच प्रकार असा की पेडल नेहमी चांगलं लागतं पण खड्ड्यांचा पट्टा किंवा जोरात घेतलेलं वळण गेलं की त्यानंतरचा पहिला ब्रेक खोल जातो, दुसरा परत ठीक. तिथे डिस्क किंचित वाकडी फिरतेय किंवा व्हील बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे आणि ती पॅडना मागे ढकलतेय असा संशय घ्यायचा. ८०-९०च्या वेगाने हलका ब्रेक मारताना स्टिअरिंगला कंप येत असेल तर तेही सांगा, दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. आणि पेडलला पायाखाली खडखड होऊन ते हादरणं, तेही निसरड्या रस्त्यावर किंवा एकदम जोरात दाबल्यावर, हे एबीएस चालल्याचं लक्षण आहे, त्याची तक्रार नको.

सगळं ठीक निघालं आणि तुम्ही चौथ्या गटातले असाल तर पॅड बसवून घ्या. पहिले २००-३०० किलोमीटर गाडी पूर्ण भरून घाटात नेऊ नका आणि उगाच इमर्जन्सी ब्रेक मारू नका. मग सकाळी लवकर एखादा मोकळा, सपाट रस्ता गाठा, मागे कोणी नाही ना बघून ६०च्या वेगावरून मध्यम जोराने २०पर्यंत आणा, पूर्ण थांबवू नका, परत ६० करा, थोडं अंतर पॅड गार होऊ द्या, परत तेच, असं दहाएक वेळा. मग पाच-सात किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवा. गरम डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. थोडा वास येईल, नव्या पॅडचा येतोच. याने पकड सुधारते, पेडलही किंचित वर लागतं. पण परत सांगतो, धरलेलं पेडल खाली सरकत असेल तर हा उपाय नाही, आणि उसळणाऱ्या पेडललाही नाही.

वर्कशॉपला जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. एक व्हिडिओ, पेडलच्या बाजूला स्टीलची पट्टी फ्लोअरवर उभी धरून, दाबायच्या आधी आणि दाबून धरल्यावर मिनिटाने पेडल कुठे आहे ते दिसेल असा. दुसरी म्हणजे जॉब कार्डवर लिहायचं वाक्य. ॲडव्हायझर आपणहून "ब्रेक चेक" एवढंच लिहितो, त्यावर सही करू नका. "इंजिन चालू असताना पेडल धरून ठेवल्यावर एका मिनिटात खाली सरकतं" किंवा "पंप केल्यावर पेडल वर येतं, पण स्पंजी लागतं" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या, त्यात किलोमीटर रीडिंग आणि तारीख आपोआप येते. गाडी परत घेताना काय केलं ते त्याच कार्डवर लिहून मागा, काही केलं नसेल तर "तपासलं, दोष आढळला नाही" असं तरी लिहून मागा. तोंडी "कंपनी सेटिंग आहे" या वाक्याला पुढे काही किंमत नसते.

आणि सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे तिथेच उभी असलेली डेमो कार. मेहुण्याच्या गाडीचं असंच चाललं होतं, मॉडेल आणि डीलर सांगत नाही, ॲडव्हायझर प्रत्येक वेळी हसून म्हणायचा सर या गाडीचा ब्रेक असाच येतो. मेहुणा म्हणाला ठीक आहे, मग तुमच्या डेमो कारचापण असाच असेल ना, चावी द्या. टाळाटाळ झाली, मग फ्लोअर मॅनेजर आला. तो आधी डेमोत बसला, दोनदा ब्रेक दाबला, उतरला, मग मेहुण्याच्या गाडीत बसून दाबला, परत दाबला, आणि काही न बोलता आत जाऊन स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं मशीन, घेऊन येणाऱ्या पोराला हाक मारली. दोन्ही गाड्या एकच व्हेरिएंट, एकच इंजिन असायला हवं, मागचा ब्रेक डिस्क की ड्रम तेही सारखं असायला हवं, नाहीतर तुलना फसते. शक्य असेल तर दोन्ही त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडब्रेकरच्या आधी थांबवून बघा, आणि ॲडव्हायझरला शेजारी बसवा.

मेहुण्याच्या गाडीत हवा होती, आणि ती एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेली. हे समजून घेण्यासारखं आहे कारण नेमकं इथे वर्कशॉपवाले अर्धवट काम करतात. फॅक्टरीत ब्रेकची पूर्ण लाइन आधी व्हॅक्युमने रिकामी करून मग ऑइल भरतात, त्यामुळे नव्या गाडीत हवा सहसा नसते, पण भरताना चूक झाली किंवा डिलिव्हरीआधी कुठला पार्ट बदलताना लाइन उघडली गेली तर ती शिरते. आपल्याकडे १ एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे प्रत्येक गाडीत व्हॉल्व्ह आणि पंपाचा तो ठोकळा आहेच. साध्या पद्धतीने एअर काढली, म्हणजे एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकाजवळचं निपल सोडून हवा-ऑइल बाहेर काढायचं, तर पाइपातली हवा जाते, पण त्या ठोकळ्याच्या बंद व्हॉल्व्हमागची राहू शकते. ती काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून एबीएसचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात, मधेच ऑइल वर भरत राहावं लागतं. म्हणून सरळ विचारा, एअर काढली ती हाताने की स्कॅनरने एबीएस सायकल करून? पोरगं गोंधळलं तर समजा हाताने.

ऑइलबद्दलही दोन प्रश्न विचारा, कारण तुमच्यासमोर नवीन सीलबंद डबा फोडला गेला पाहिजे, आठवडाभर झाकण उघडं पडलेला नाही. ग्रेड डबीच्या झाकणावरच लिहिलेली असते, डॉट ३ किंवा डॉट ४. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं आणि डॉट ४ २३० अंशांना, ओल शिरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५वर येतात. डॉट ५ हा वेगळा, सिलिकॉनचा प्रकार, तो आपल्या गाडीत कधीही घालू देऊ नका, नावात फक्त एक अंक पुढे आहे म्हणून भारी समजून लोक मागतात. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४च्याच जातीचं. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल चुकून पडलं तर रबराची सगळी सील फुगतात आणि मग पूर्ण सिस्टिम बदलायची पाळी येते.

गाडी परत घेताना गेटच्या बाहेर काढायच्या आधी, उभ्या गाडीत पेडल तीन-चारदा दाबा. पॅड किंवा कॅलिपरवर (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) काम झालं असेल तर पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिला ब्रेक पूर्ण फ्लोअरला जातो, रॅम्पवरून उतरताना ते कळू नये. निपलवरच्या छोट्या रबरी टोप्या परत बसवल्यात का बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकांखाली थेंब आहे का.

हे सगळं होईपर्यंत घाट टाळा. आंबेनळी, वरंधा, पसरणी, तुमच्या घराजवळचा जो असेल तो. नंतरही नव्या गाडीने पहिल्यांदा उतरताना चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाका. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना सांगून थकलो, आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडलं की इंधन बंदच होतं, न्यूट्रलला उलट लागतं. घाटात पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, जळका वास येतोय, तर पॅड तापलेत. पेडल एकदम मऊ होऊन खाली जातंय तर ऑइल उकळलंय, ते जास्त वाईट. दोन्हींत सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, गिअरमध्ये ठेवा, टायरला दगड लावा, अर्धा तास गार होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते किंवा तडकते. ऑइल उकळलं असेल तर गार झाल्यावर पेडल परत ठीक लागेल, तरी ते बदलूनच घ्या. आणि निघताना तो दगड रस्त्यातून उचला, मागून येणारा बाइकवाला तुमच्या नावाने बोटं मोडतो ते वेगळंच.

चालत्या गाडीत पेडल गेलंच तर पटापट पंप करा, दोन सर्किटपैकी एक बऱ्याच वेळा थोडाफार दाब देतं. गिअर एकेक करून खाली आणा. इंजिन बंद करू नका, बूस्टर आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. लिव्हरचा हँडब्रेक बटण दाबून धरत हळूहळू ओढा, एकदम नाही. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत ते बटण ओढून धरून ठेवलं की गाडी नियंत्रणात थांबते, तुमच्या गाडीत कसं आहे ते मॅन्युअलमध्ये आजच वाचून ठेवा.

आता डीलर ऐकतच नसेल तर. आधी कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून रिकॉल आहे का बघा, १७ अक्षर-आकड्यांचा असतो, आरसीवर मिळेल. नव्या गाड्यांचे ब्रेक सदोष निघतच नाहीत असं कोणी म्हणालं तर मारुतीने ऑक्टोबर २०२२मध्ये मागच्या ब्रेकच्या पिनसाठी वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निसच्या ९,९२५ गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि बीएमडब्ल्यूने २०२४मध्ये ब्रेक सिस्टिमसाठी जगभरातल्या १५ लाखांहून जास्त गाड्यांवर कारवाई जाहीर केली होती. रिकॉल नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, फोन नाही, त्यात चॅसी नंबर, सगळ्या जॉब कार्डचे फोटो आणि तो पट्टीवाला व्हिडिओ, आणि कंपनीच्या टेक्निकल इंजिनिअरने गाडी बघावी अशी स्पष्ट मागणी. डीलरचा माणूस आणि कंपनीचा माणूस यात फरक असतो, मेकॅनिकल पार्टची वॉरंटी कंपनीची आहे. पॅड झिजणं वॉरंटीत येत नाही असं सांगून उडवतील, पण मास्टर सिलिंडर, बूस्टर, एबीएस युनिट हे झिजणारे पार्ट नाहीत, तो मुद्दा लिहून ठेवा. आणि वॉरंटीच्या काळात बाहेरच्या मेकॅनिककडून निपल उघडून घेऊ नका, मग तेच कारण पुढे करतात.

त्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे तक्रार फुकट नोंदवता येते आणि बऱ्याच कंपन्या त्यावर उत्तर देतात. शेवटचा मार्ग ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, ऑनलाइनही दाखल करता येतं आणि वकील असलाच पाहिजे असं नाही. अमेरिकेसारखा सदोष नवी गाडी बदलून द्यायचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे आयोगात दोष सिद्ध करावा लागतो, आयोग गाडी तपासणीलाही पाठवू शकतो, आणि कायद्यात तपासणी असेल तर पाच महिने, नसेल तर तीन महिने लिहिले असले तरी वेळ त्याहून जास्त लागतो हे धरून चाला. तिथे पहिल्या तारखेला मागतात ती जॉब कार्डंच, म्हणून पहिल्या व्हिजिटपासून प्रत्येकाची प्रत स्वतःकडे ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवलेली पुसट पीडीएफ नाही, सही-शिक्क्याची.